कमरेइतकी फुलदाणी

तनुजानं लातूरच्या नव्या फ्लॅटमधला हॉलचा कोपरा मोठ्या हौसेनं सजवला होता. कमरेइतकी उंच, निळी चिनी मातीची फुलदाणी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पितळी हत्ती.

सोमवारी ती ऑफिसातून आली, तर फुलदाणी पाण्यानं काठोकाठ भरलेली आणि वर स्टीलचं ताट झाकलेलं!

"अहो आई, हे काय?"

"नळ आलता," गावाहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "बादल्या, घागरी, कुकर, समदं भरलं. मग एवढं मोठं भांडं रिकामं कशाला ठिवायचं? त्या हत्तींच्या पोटात पाणी जायना, न्हाईतर तेबी भरले असते."

"ती शोची वस्तू आहे, आई! तिला कुणी हात लावायचा नाही."

पण भरलेलं पाणी ओतून द्यायला तनुजाचाही हात धजला नाही.

पाच दिवसांनी येणारा नळ शनिवारी आलाच नाही. रविवारी सकाळी तिचा नवरा आदिनाथ अंगभर साबण लावून बाथरूममधून ओरडायला लागला. तनुजा तांब्या घेऊन हळूच कोपऱ्याकडे निघाली.

"शोचं हाय ना गं ते?" सासूबाईंनी मेथी निवडता निवडता, मान वर न करता विचारलं.

त्याच संध्याकाळी दोघी सजावटीच्या वस्तूंच्या प्रदर्शनात गेल्या. विक्रेता एका तांबड्या फुलदाणीची नक्षी, रंग, चकाकी कौतुकानं सांगत होता. तनुजानं सगळं ऐकून घेतलं, बोटानं ती टकटक वाजवून पाहिली आणि विचारलं, "किती घागरी पाणी बसेल हिच्यात?"