जेवायचा हात

“आपलं डोकं घरी ठेवायचं. माह्याकडे पाहायचं. मी वळली का वळायचं!” पडद्यामागे योगिनीने शेवटची ताकीद दिली. नऊवारीतल्या पोरी मुकाट ओळीने उभ्या राहिल्या. दहावीतली योगिनी म्हणजे शाळेच्या नाचाच्या ग्रुपची लीडर. संमेलनाच्या दिवसांत तिच्याशी बोलताना पीटीचे सरसुद्धा जरा दबकत.

पोरींना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. योगिनीला डावं-उजवं कळत नसे. पहिलीपासून कळत नसे. मनगटावर देवाचा लाल धागा असतो तो हात उजवा, एवढ्या भांडवलावर तिने आजवरची संमेलनं गाजवली होती. वळण्याआधी ती ऐटीत मनगट डोळ्यांसमोर आणी. पोरींना वाटे, ही ताईची स्टाईल.

आज दुपारी पोरींना सजवणाऱ्या सुचिता मॅडमनी तो धागा कात्रीने कापून टाकला. फार मळलाय, नऊवारीवर शोभत नाही, म्हणाल्या. योगिनी दोन्ही मनगटं आळीपाळीने पाहू लागली. पण नटराजपूजनाला बसलेल्या म्हाताऱ्या रमाकांत गुरुजींच्या ताटात नव्या धाग्याची गुंडी होती. तिने घाईने दोन्ही हात पुढे केले. गुरुजींनी नऊवारी पाहिली, हिरवा चुडा पाहिला, गळ्यातलं खोटं मंगळसूत्र पाहिलं. चेहऱ्यापर्यंत त्यांची नजर आताशा पोचत नसे. लग्न झालेल्या बाईला बांधतात तसा त्यांनी धागा डाव्या हाताला बांधला, घट्ट गाठ मारली आणि ‘अखंड सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद दिला. योगिनीचा जीव भांड्यात पडला.

पडदा उघडला. योगिनी धाग्याच्या बाजूला वळली. सगळी ओळ तिच्यामागे वळली. आरशात दिसावा तसा अख्खा नाच उलटा झाला आणि पाहणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. फक्त टोकाला उभी असलेली नववीतली काजल शिकवल्याप्रमाणे उजवीकडे गेली आणि शेजारणीवर आदळली. मग ती दर वळणाला आदळत राहिली.

टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी ‘वन्स मोअर’ची फर्माईश केली.

पडद्यामागे पोरी काजलवर तुटून पडल्या. “डोळे फुटले का वं तुह्ये? आम्ही सगळ्या इकडं, अन तू तिकडं काऊन चालली होती?”

“आता तू खालीच थांब,” मॅडम म्हणाल्या.

काजलचा नाच पाहायला तिची आजी मोताळ्याहून येऊन पहिल्या रांगेत बसली होती. काजल खाली बसून घुंगरं सोडू लागली. गाठ सुटेना, तशी नाक ओढत दातांनी सोडू लागली.

योगिनीने दुसरीकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“मॅडम, काजल बरोबर होती. चुकली मी.”

मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “इतकंही मोठं मन बरं नाही, योगिनी. सगळी ओळ कधी चुकत असते का?”

“खरंच मॅडम! मले डावं-उजवं समजतच नाही!”

पोरी हसल्या. एकीचे तर डोळे भरून आले. “पाहा वं, ताई तिच्यासाठी किती खोटं बोलून राह्यली!”

“बरं, घे तिला,” मॅडम म्हणाल्या.

इतकी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित असं फुकट गेलं.

काजल मात्र हसली नव्हती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, धागा डाव्या हाताले बांधेल हाये.”

योगिनीने धागा ओढून पाहिला. तो चुड्याखाली रुतून बसला होता. तिकडे पडद्याची दोरी हलली.

“मंग उलटं समज,” काजल म्हणाली.

“उलटं समजायले आधी सुलटं समजा लागते ना वं!”

“जेवतं कोणत्या हातानं?”

“त्याले काय समजा लागते? भूक लागली का हात आपोआप तोंडाकडे जाते,” म्हणत योगिनीने हात तोंडाशी नेला.

“तो उजवा.”

पडदा उघडला. पहिलं वळण आलं. योगिनीने गुपचूप एक घास घेतला आणि उजवीकडे वळली. मागे सगळ्या ओळीने घास घेतला आणि उजवीकडे वळली. काजलनेही घेतला. वळण आलं की घास, गिरकी आली की घास. एकही पोरगी चुकली नाही.

पहिल्या रांगेत काजलची आजी पदर खोचून उठून उभी राहिली.

“नाच राहू द्या वं बाई! आधी जेवू घाला लेकरायले!”