बिनखिडकीची खोली

पुंडलिकनगरातलं घर रत्नमालानं एकटीच्या कमाईवर घेतलं होतं. गच्चीवरचं ऊन तिच्या सक्युलंटच्या रोपांना सोसेना, म्हणून तिनं कुंड्या आतल्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवल्या.

अंधारात रोपं फिकी पडायला हवी होती. पण आठवड्यात जाड पानांवर तपकिरी चट्टे उठले, कडक उन्हात होरपळल्यासारखे.

शेजारच्या लीलाबाई ते बघून उंबऱ्यातच थबकल्या. "आधीचे लोक याच खोलीपायी घर सोडून गेले, बाई. कुलूप लाव."

"कुलूप नाय लावणार. घर माझं हाय."

लीलाबाई गेल्यावर भर दुपारी रत्नमाला आत गेली. दार लोटून तिनं फटीत गोधडी कोंबली आणि एक कुंडी पुढ्यात घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख होता.

"ये," ती म्हणाली. "मी इथून हलणार नाय."

हळूहळू तिची पाठ तापू लागली. मानेवरून घाम ओघळला. काळोख तसूभरही हटला नव्हता, तरी समोरच्या भिंतीवर तिची सावली पडली होती.

रत्नमाला पळाली नाही. तिनं कुंडी आपल्या सावलीत ओढून घेतली आणि सावकाश मागं वळली.