कोरी पाठ

"दात दाखव त्याचे," घनश्याम पाटील म्हणाले आणि तेजरामने मोतीचा ओठ वर उचलला.

दुधाचे दात जागच्या जागी होते. म्हणजे मोती अजून गोऱ्हाच, आणि आजचा पट फक्त गोऱ्ह्यांचा होता. शर्यतीच्या छकड्या दुपारी पळायच्या, पण आमराईत सकाळपासून रीघ लागली होती. कोणी उकव्याच्या खाणीतून बसने आलेले, कोणी बैहरचे, कोणी शिवेपलीकडचे. जो तो खूर बघत, खांदा चाचपत, कोणावर पैज लावायची ते ठरवत हिंडत होता. ज्याच्या दारात शेळीसुद्धा नव्हती, त्यालाही आज बैलातलं सगळं कळत होतं.

आणि सगळ्यांचं मत एकच पडलं होतं. आजची बाजी मोतीची.

तेजरामची बायको शेवंताबाई घमेलं घेऊन बाजूला उभी होती. मोतीला जन्म देऊन गाय गेली, तेव्हापासून तो हिच्याच हातचं खायचा. दुसऱ्या कोणी घमेलं पुढे केलं की तोंड फिरवायचा. घरात मूलबाळ नव्हतं. तेजरामला पटाचं वेड होतं आणि शेवंताबाईला मोती होता.

त्या वेडापायीच तेजरामने पाटलांशी गोऱ्ह्यावर गोऱ्हा लावला होता. मोतीचा जोडीदार दुसऱ्याकडून उसना आणलेला, म्हणून पैज एकट्या मोतीची. हरेल त्याने मैदानातच दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा, असा पटाचा रिवाज. त्यात रडारड चालत नाही.

पाटील हट्टा गावचे. दरवर्षी नवी जोडी आणायचे, दरवर्षी दोन-चार गोऱ्हे जिंकून न्यायचे. त्यांच्या जनावरांच्या अंगावर ओरखडा दिसायचा नाही. छकडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हाती तुतारी, म्हणजे टोचायची काठी, ते कधी द्यायचेच नाहीत. लोक त्यांना पाठीमागे साधुबाबा म्हणत आणि हसत.

त्यांनी मोतीच्या मानेपासून शेपटापर्यंत तळवा फिरवला. कातडी चिमटीत धरली, सोडली. पुठ्ठ्याशी आल्यावर हात थांबला. तिथे सरावातले व्रण होते. तेजरामच्या तुतारीला टोकाशी चांगला लांब खिळा होता.

"काहून टोचतं रे इतकं? सोन्यासारखं जनावर खराब करून राह्यला तू."

"टोचल्याबिगर पळते का, पाटील? तुमचा झाला का मंग नोका टोचू," तेजराम हसत म्हणाला आणि छकडीचं चाक बघायला गेला.

शेवंताबाईने पदर सावरला. परक्या पुरुषाशी ती सहसा बोलत नसे.

"मागल्या साली जिंकले ते गोऱ्हे कुठी हायेत जी?"

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. आवाज मऊ होता.

"माह्याकडं आलेल्या जनावराच्या मानेवर मी पुन्हा जू ठेवत नाही, बाई."

"आन् मार?"

"एक काडी नाही लागू देत अंगाले."

शेवंताबाईचे डोळे भरून आले. माणसं अशीही असतात, हे तिला नव्यानेच कळत होतं.

मोती जिंकला तर पुढचं तिला दिसतच होतं. आज हा पट, उद्या दुसरा, सगळा हंगाम तोच खिळा आणि तेच रक्त. हरला तर हट्टा. आपल्याला तो पुन्हा दिसणार नाही, पण सुखात तर राहील. पोटच्या पोरीला चांगलं घर मिळालं तर आई रडते, म्हणून लग्न मोडत नाही.

पळेपर्यंत पाणी दाखवायचं नाही, फक्त गुळाचा खडा द्यायचा, असं तेजरामने बजावलं होतं. तिने कोंड्यात मूठभर मीठ कालवलं. तिच्या हातचं म्हणून मोतीने घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मग त्याला तहान लागली. ती पाणी आणत राहिली, तो पीत राहिला. पोट टरारून आलं, तेव्हा तिने वरून झूल टाकली. तेजराम लोकांच्या शाबासक्या घेण्यात गुंग होता. आयत्या वेळी त्याने झूल ओढली, जू ठेवलं, पण पोटाकडे बघायला त्याला सवड कुठे होती?

झेंडी पडली. दोन्ही छकड्या सुटल्या. निम्म्या वाटेपर्यंत मोती पुढे होता. मग त्याचा दम तुटला, तोंडाला फेस आला. तेजराम शिव्या देत पुठ्ठ्यात खिळा खुपसत राहिला.

"सोस रे बाळा, हे शेवटचं हाय," शेवंताबाई पुटपुटली.

पाटलांची जोडी आरामात पुढे निघून गेली.

तेजरामने दोर पाटलांच्या अंगावर भिरकावला आणि बायकोकडे न बघता दारूच्या गुत्त्याकडे वळला. रात्री मार पडणार, हे तिला ठाऊक होतं. पडू दे. पाटील मोतीला हळूहळू चालवत नेत होते, आणि किती दिवसांनी तिच्या जिवाला थंडावा वाटत होता.

ते आमराईआड गेले आणि तिला घमेल्याची आठवण झाली. दुसऱ्या भांड्यातून तो पाणीसुद्धा प्यायचा नाही. ती घमेलं घेऊन मागे धावली.

आमराईमागे सडकेवर एक ट्रक उभा होता. आज हरलेले आणखी दोन गोऱ्हे त्यात बांधलेले होते. मोतीला फळीवरून वर चढवणं चाललं होतं. हट्ट्यापर्यंतसुद्धा पायी चालवत नाहीत, असं मनात येऊन ती क्षणभर तिथेच थांबली.

पाटलांची पाठ तिच्याकडे होती. ते ट्रकवाल्याला सांगत होते, "पुठ्ठ्याकडचं वाया गेलं, पण पाठ कोरी हाय. सोलताना सुरी जपून चालवजा."