भुंग्या कुणाचा?

मंद्रूपच्या बाजारतळावर पंचांसमोर काडी मोडली आणि बारा वर्षांनी मायाक्का येडूच्या तावडीतून सुटली. मेंढरं त्याची ठरली, भांडी तिची. उरला भुंग्या, तिनं भाकरी चारून वाढवलेला कुत्रा.

"मला दुसरं काय बी नगं," ती म्हणाली, "कुत्रं तेवढं द्या. मी सोलापुरात गिरणीत जाईन, पर त्याला हितं मार खायाला ठेवणार न्हाय."

"त्यालाच इचारू की," म्हातारे पंच म्हणाले. "सोडा त्याला. ज्याच्याकडं जाईल त्याचा."

भुंग्या सुटला तो थेट मायाक्काच्या कुशीत शिरला. येडू जागचा हलला नाही. बायकोचं नाव घ्यायची रीत नाही आणि कुत्र्याचं घ्यायची त्याला कधी गरज वाटली नाही. दोघांनाही एकच शीळ पुरायची. ती त्यानं घातली.

भुंग्या शेपूट पायांत घालून निमूट त्याच्यापुढं जाऊन बसला. पण पंच कुत्र्याकडं बघत नव्हते. ते कुणाकडं बघतायत, हे मायाक्काला उमगायला जरा वेळ लागला.



येडूच्या पुढ्यात, भुंग्याच्या शेजारी, तीही डोईवरचा पदर सावरत येऊन उभी राहिली होती.