अजून मुरूमच आहे

“मुरूमच आहे अजून,” अण्णा म्हणाले आणि चिमटीतली ओली भुकटी त्यांनी रुमालाला पुसली. “दाताचाच बिट राहू दे.”

बोअरच्या यंत्रावरचा लवू पन्हळीतून वाहणाऱ्या गाळाकडे बघत राहिला. “रंग काळो दिसता, अण्णानू.”

“उन्हाने डोळे दिपलेत तुझे. चालव.”

लवूने यंत्र चालू केलं. सोसायटीच्या कमिटीने त्याला बजावूनच ठेवलं होतं की अण्णांना विचारल्याशिवाय पाइपच्या टोकाचा बिट बदलायचा नाही. अण्णांनी अंधेरीच्या एका कंपनीत हेच बिट विकत उभी हयात काढली होती. बाकीच्या सभासदांना भोक म्हणजे कॅलेंडरच्या खिळ्यासाठी पाडतात तेवढंच माहीत.

पहिल्या दिवशी तर अण्णांनी सगळ्यांना गोळा करून शिकवणीच घेतली होती. “हे तीन शंकू बघा. वरून पाइप फिरला की हे खाली आपापले गडगडत जातात. मऊ जमिनीला, मुरमाला असे लांब दात लागतात, ते उकरून काढतात. पण काळा पाषाण लागला की दात नुसते घासतात आणि बोथट होतात. तिथे हा दुसरा लावायचा. याला दात नाहीत, कडक गोल बटणं आहेत. हा उकरत नाही, वजनाने दगड चुरतो. चुकीचा लावलात तर महिनाभर फिरवत बसाल आणि पाण्याचा थेंब दिसायचा नाही.”

सत्त्याऐंशीचा एप्रिल होता. बोरिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत नळाचं पाणी तळमजल्याच्या वर चढत नव्हतं. अण्णा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत आणि त्यांच्या गुडघ्यांनी बादली उचलायला कधीच नकार दिला होता.

त्यांच्या पत्नी उत्तराबाई दिवाळीत गेल्या होत्या. तेराव्याला, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, अण्णांनी जाहीर केलं होतं, “मी कुणाच्या दारात जाऊन राहणार नाही. माझं घर मला पुरे.” कुणी विचारलंही नव्हतं तेव्हा. पण त्यांचा मुलगा नंदकिशोर आज्ञाधारक. मुलुंडच्या आपल्या घरी चला, असं त्याने किंवा सून क्षमाने कधी म्हटलंच नाही. तो रविवारी यायचा, औषधं ठेवायचा, पंख्याला तेल घालायचा आणि जायचा.

बोअरचं ठरलं तेव्हा मात्र तो म्हणाला, “बाबा, एक सांगून ठेवतो. याला पाणी लागलं नाही तर मी ऐकणार नाही. तुम्हाला सरळ मुलुंडला नेणार.”

“बघू,” अण्णा म्हणाले.

ही गोष्ट जिन्याजिन्यातून सगळ्यांना कळली. बिचाऱ्या अण्णांचं घर सुटणार की राहणार, ते आता त्या भोकावर होतं.

दिवसभर यंत्र धडधडायचं आणि सगळी इमारत कुरकुरायची. अण्णा तेवढे कधी तक्रार करत नसत. सकाळी ते खाली उतरायचे, लवूसाठी ताकाची बाटली आणायचे, त्याच्या ताडपत्रीखाली बसायचे. लवू कुडाळकडचा. त्याच्याशी बोलण्यात अण्णांची सकाळ निघायची. संध्याकाळी घरात मात्र रेडिओ बोलायचा तेवढाच. घर अगदी अंगावर यायचं. खिडकीतून डोंगर दिसायचा. त्याच्या पलीकडे मुलुंड.

पाइप खाली जायचं नाव घेत नव्हता. एक बिट बोथट झाला, दुसरा झाला. दर वेळी लवू गाळ दाखवायचा, अण्णा तो बोटांत चोळायचे आणि मुरूमच म्हणायचे. अण्णांची नजर गेली, असं लवूला वाटायला लागलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला ते सांगायचं कसं?

शुक्रवारी कंत्राटदार अंबादास येऊन ओरडून गेला. “उद्या पाणी नाही लागलं तर रिग उचलायची. दहिसरवाले थांबलेत. इथे पाणीच नाय, समजला?”

लवूने जिन्याकडे पाहिलं. अण्णा नुकतेच जेवून वर पडले असणार.

शनिवारी सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला आणि अण्णा खिडकीशी आले. पाइपच्या तोंडातून पाणी उसळत होतं. पोरं त्यात नाचत होती, बायका बादल्या घेऊन धावत होत्या. अण्णा कठड्याला धरून खाली उतरले.

चिखलाने माखलेला लवू त्यांच्या पाया पडला. “रागावू नकात, अण्णानू. तुमका न विचारता काल बटणाचो बिट लावलंय. खाली काळो पाषाण होतो, लय दिवसांपासून.” त्याचे डोळे भरून आले होते. “तुमचा घर जाऊचा नाय म्हणान केलंय मी.”

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “चांगलं काम केलंस रे,” ते म्हणाले.

सभासदांनी पेढे वाटले. पहिला पेढा अण्णांच्या हातात ठेवला.

रविवारी नंदकिशोर आला तोवर पंप बसून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढलं होतं. त्याने न्हाणीघरातला नळ सोडला, हात धुतले, पुन्हा सोडून पाहिला.

“झकास! जोर आहे पाण्याला. आता तुम्हाला कुठे हलायला नको, बाबा. खरं सांगू, मला धाकधूकच होती. क्षमाने तुमच्यासाठी खोली रिकामी करायला घेतली होती. तिला सांगतो, राहू दे म्हणून. तुमच्या मनासारखं झालं.”

“हो ना,” अण्णा म्हणाले.

“खूश ना?”

“खूश.”

नंदकिशोरने औषधं टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून तो गेला. खाली रिग ट्रकवर चढवली होती. ट्रक फाटकाबाहेर पडेपर्यंत अण्णा खिडकीत उभे राहिले. मग त्यांनी दार लावलं, पलंगाखालून पेटी ओढली आणि बोअरचं यंत्र आलं त्याच संध्याकाळी मुलुंडला न्यायला म्हणून भरून ठेवलेले सदरे एकेक करून बाहेर काढायला घेतले.