त्रेचाळीस नंबरची पट्टी

त्रेचाळीस नंबरची पट्टी पुन्हा दोनवर येऊन बसली. वहिनींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोनच.

समोरच्या पडद्यावर साठ हिरव्या पट्ट्या होत्या. पाणीपुरवठा कार्यालयाच्या चार इमारतींत साठ कॉम्प्युटर होते. सगळे त्यांना मशीनच म्हणत. कुठल्या मशीनच्या प्रोसेसरवर किती टक्के लोड आहे, ते या एका खोलीत बसून दिसत असे. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी वहिनी जिने चढून एकेका मशीनपाशी जायच्या, त्याच्या पाठीवर तळहात ठेवायच्या, आणि ताप आलेल्या पोरासारखं कुठलं तापलंय ते हाताला कळायचं. येता-जाता चार माणसं भेटायची. आता कुणी भेटत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. नवरा जाऊन सोळा महिने झाले होते. तेव्हापासून कशाचंच काही वाटत नव्हतं. पट्टी वर गेली की वर गेली, खाली आली की खाली आली.

पण त्रेचाळीस नंबरवर वन्सं बसत. जुन्या इमारतीत, तक्रारींच्या टेबलावर. नवऱ्याची धाकटी बहीण, बिनलग्नाची, पेन्शनला तीन वर्षं राहिलेली. घरात आता या दोघीच उरल्या होत्या.

आणि नव्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, "मॅडम, या महिन्याचा लोड काढून द्या. प्रत्येक मशीनचा. सहा जागा कमी करायच्यात. फक्त नंबर लिहा, नावं नकोत. नावं दिसली की लोक रदबदली करायला येतात."

"म्हणजे ज्याची पट्टी झोपली, त्याची खुर्ची गेली," शेजारच्या टेबलावरचा वायरमन म्हणाला. "आपण सुटलो बुवा. आपल्याला मशीनच दिलेलं नाही."

वन्संची पट्टी कायमची झोपलेली. वन्सं ऐकत. लोक येत, नळाला पाणी नाही म्हणत, मग सुनेचं सांगत, गुडघ्याचं सांगत. एक म्हातारे गृहस्थ दर मंगळवारी येत. त्यांची तक्रार अशी काही नसेच. वन्सं सगळं ऐकून घेत, एखाद्या फिटरला फोन लावून झापत, आणि कधीमधी मशीनवर एक ओळ टाइप करत. एका ओळीनं प्रोसेसरचं काय हलणार?

त्या दुपारी वहिनींनी त्रेचाळीसवर दळण घातलं. दळण हा त्यांच्या खात्यातला शब्द. नवं मशीन आलं, की ते टिकतं का बघायला दिवसभर त्याच्याकडून उगाचच भागाकार करून घ्यायचे. तेवढ्यासाठी केलेला प्रोग्रॅम होता, आणि तो बसल्या जागेवरून सुरू करता येई. पट्टी दोनवरून नव्वदला गेली. हिरव्याची तांबडी झाली. फार डोळ्यांवर येऊ नये म्हणून वहिनींनी ती ऐंशीवर आणली. एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही त्यांची पहिली लबाडी. छाती धडधडायला हवी होती. धडधडली नाही.

मग ते रोजचंच झालं. दहाला दळण सुरू, पाचला बंद.

"माझं मशीन हल्ली घुरघुरतंय गं, वहिनी," जेवताना वन्सं म्हणाल्या. "पंखा असा ओरडतो, की समोरच्याचं अक्षर ऐकू येत नाही. तुझं खातं काय झोपा काढतं?"

"जुनं झालंय ते, वन्सं."

"जुनी तर मीही झालेय. मी घुरघुरते का?"

"झोपेत."

वन्सं खो-खो हसल्या. वहिनींनी पानातली भाजी संपवली.

"मंगळवारवाले आले होते," थोड्या वेळानं वन्सं म्हणाल्या. "दोनदा सुरुवात केली त्यांनी. मग उठलेच. म्हणाले, बाई, ओरडून सांगण्यासारखं नाही ते."

वहिनींनी पानं उचलली. तीन वर्षं काढायची होती. तीन वर्षं म्हाताऱ्यांचं ऐकू आलं नाही, तर नाही.

महिना संपला. वहिनींनी यादी छापली. सगळ्यात जास्त लोडवालं मशीन वर, सगळ्यात कमीवालं तळाला. एरवी तळाशी असणारं त्रेचाळीस आता वरून चौथं होतं. तळाच्या सहा नंबरांवर त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. फार दिवसांनी त्यांना काहीतरी वाटलं. आनंद नव्हे, लांबून चालून आल्यावर पायरीवर टेकावं, तेवढंच.

साहेबांनी कागद हातात घेतला. "वा. उतरत्या क्रमानं लावलंत, काम सोपं केलंत." त्यांनी पेन उघडलं आणि वरून सहा नंबर मोजून त्यांच्याखाली रेघ ओढली.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "कमी लोडवाले खाली आहेत."

"दिसतंय की. या वरच्या सहा ठिकाणी सगळं मशीनच करतंय, मग माणूस कशाला बसवायचा?" साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "खालच्यांना हात लावायचा नाही. तिथं मशीन गप्प आहे, म्हणजे माणूस काम करतोय."