वाचलेली मोळी

धाकटे दीर कंपनीत लागले आणि आमच्या गल्लीत त्यांनीच कमी धुराच्या चुली वाटल्या. आम्ही जेवढा धूर वाचवू, तेवढा सोडायचा हक्क कंपनी दूरच्या कारखान्यांना विकायची. म्हणून भाऊजी दर सोमवारी येऊन उरलेलं सरपण काट्यावर तोलत.

यंदा उन्हानं कणसं उभ्या शेतात करपली. एका सोमवारी तोलली तर मोळी आदल्या सोमवारएवढीच भरली.

"काय वहिनी, आठवडाभर उपास धरलात की काय?" ते हसले.

"उपास सोडायला घरात दाणा तर हवा, भाऊजी. सात दिवस चूल पेटलेली नाही. पोरं शेजारणीच्या दोन घासांवर आहेत. तुमच्या साहेबांच्या कानावर एवढं घाला."

त्यांनी गार चुलीवर हात ठेवला. डोळे पाणावले त्यांचे. "आजच कळवतो," म्हणाले. मी देवापुढे दिवा लावला आणि पोरांना सांगितलं, काका काहीतरी करतील.

पुढच्या सोमवारी भाऊजी हातोडी घेऊन आले आणि आमच्या दारावर त्यांनी पाटी ठोकली: 'धूर शून्य. आदर्श घर.'